क्रीम, काजळ, मेंदी, साबण : पाकिटाची मागची बाजू वाचताना पडणारे प्रश्न

आमचं दुकान जळगाव जिल्ह्यात, यावल-चोपडा रस्त्यावरच्या एका गावात आहे. पुढे माझं कटलरीचं, भिंतीला भिंत लागून मिस्टरांचं मेडिकल. दोघंही डी. फार्म. झालेलो, त्यामुळे बांगड्या भरायला आलेली बाई जाता जाता गालावरचा डाग दाखवते, तिची सून मोबाईलवरची जाहिरात पुढे करते, आणि शेजारच्या गावातला बचत गट साबणाचं लेबल तपासायला पाठवतो. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं कायद्यातली आहेत, मधली बडबड माझी.

कायद्याच्या भाषेत कॉस्मेटिक कशाला म्हणतात?

स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी माणूस अंगाला जे चोळतो, ओततो, शिंपडतो, फवारतो किंवा लावतो ते सगळं. पावडर-लिपस्टिक त्यात आलीच. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अत्तर, दाढीची क्रीम, कुंकू, काजळ, नेलपॉलिश हेही आलं. अंगाचा साबण पूर्वी या व्याख्येतून वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीनं तोही आत आला. रोग बरा व्हावा म्हणून जे लावतो ते मात्र कॉस्मेटिक नाही, ते औषध. ही रेघ लक्षात ठेवा, खाली दोन-तीनदा लागेल.

यावर सरकारचा कोणता कायदा चालतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. मुळात तो नुसता औषधांचा होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात १९६२ च्या दुरुस्तीनं आली. नियम मात्र पुढेही कितीतरी वर्षं औषधांच्याच १९४५ च्या नियमावलीत कोंबलेले होते. १५ डिसेंबर २०२० ला सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम निघाले, आता तेच चालतात.

परदेशी मालाची नोंदणी दिल्लीची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते. कारखान्याचा परवाना आणि दुकानांची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. त्यांची कार्यालयं जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहेत. एमआरपी आणि वजन हा भाग वैधमापन खात्याचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांना 'वजनमापेवाले' म्हणतात त्यांचा. क्रीमनं तोंड भाजलं म्हणून वजनमापेवाल्यांकडे गेलेला गृहस्थ मी पाहिलाय. बिचाऱ्याची अर्धी सुट्टी त्यातच गेली.

पाकिटावर काय काय असलंच पाहिजे?

माझ्या काउंटरवर शंभर ग्रॅमच्या कोल्ड क्रीमची डबी आहे, तीच हातात घेऊन सांगते.

खोक्यावर आणि आतल्या डबीवर, दोन्हीकडे, मालाचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. पत्ता म्हणजे जिथे माल बनतो तिथला. 'मार्केटेड बाय' अमुक-तमुक मुंबई, एवढ्यावर भागत नाही. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शोधा. त्याच्या आसपास परवाना क्रमांक असतो, त्याच्या आधी एम हे अक्षर. मग बॅच नंबर, त्याच्या आधी बी. मग कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या वर्षापर्यंत वापरायचं ते. निव्वळ वजन. वापरताना धोका असेल तर कसं वापरायचं, काय टाळायचं, आणि विषारी घटक असेल तर त्याचं नाव आणि प्रमाण.

त्यानंतर घटकांची यादी. ती मनाला येईल तशी लिहायची नसते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमानं. माझ्या डबीवर पहिलं नाव पाण्याचं आहे, दुसरं मिनरल ऑइलचं. डबीच्या पुढच्या बाजूला बदामाचं मोठं चित्र. यादीत बदामाचं तेल अगदी शेवटी, सुगंधाच्याही मागे. कंपनी खोटं बोललेली नाही. पण चित्र बघून डबी उचलली तर आपण पाण्याचे आणि मिनरल ऑइलचे पैसे देतोय, एवढं तरी कळायला हवं.

वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल हेही लागतं. छापील एमआरपीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवता येत नाही. किंमत कमी करायचं स्टिकर चालतं, तेही जुनी किंमत न झाकता.

ताई, एवढं सगळं कोण वाचतं? एकच गोष्ट बघायची तर काय बघू?

पत्ता. घटकांची नावं तुम्हाला-मला कळोत न कळोत, पत्ता सगळ्यांना कळतो. गाव, जिल्हा, पिनकोड आणि परवाना क्रमांक असला की काही बिघडलं तर कुणाच्या तरी दाराशी जाता येतं. 'मेड इन इंडिया' किंवा नुसतं 'मुंबई' लिहिलेलं असेल तर तुम्ही निनावी माणसाकडून तोंडाला लावायची वस्तू घेताय.

एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीवर तर काहीच नसतं. ती बेकायदा आहे का?

नाही. जागाच नसते म्हणून कायद्यानं सवलत दिलीय. द्रव पदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा आणि घट्ट किंवा क्रीमसारखा ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर घटकांची यादी नाही छापली तरी चालते. २५ मिलिलिटर किंवा १० ग्रॅमपर्यंतच्या मालाला बॅच नंबरही माफ. अगदीच चिमुकल्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, मुख्य कारखान्याचं ठिकाण आणि पिनकोड एवढंच पुरतं. तेवढं मात्र हवंच. आणि वापरायची मुदत कुठल्याच पुडीला माफ नाही.

आठवडे बाजारातली गोरं होण्याची क्रीम पंधरा दिवसांत फरक दाखवते. मग वाईट कशी?

पंधरा दिवसांत फरक दाखवते म्हणूनच वाईट.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते. मागच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली एक पोरगी आईबरोबर दुकानात आली. आई अहिराणीत म्हणाली, "ताई, हाई क्रीम चांगली शे का?" आणि पिशवीतून डबी काढली. डबी गुळगुळीत, सोनेरी झाकण, वर हसऱ्या बाईचा फोटो. अक्षरं परदेशी, कारखान्याचा पत्ता नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, आणि आयात मालावर जो नोंदणी क्रमांक लागतो तोही नाही. एका कोपऱ्यात बारीक इंग्रजीत सूचना होती : सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका.

ही सूचना दिसली की मी डबी खालीच ठेवते. मॉइश्चरायझरला दागिन्यांशी काय वैर? वैर पाऱ्याचं असतं. पारा सोन्यात मुरतो, हे सराफाला विचारा, तो लगेच सांगेल.

कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनण्याची क्रिया पाऱ्याच्या क्षारांनी अडते, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. सुरुवातीला कळत नाही. मग लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण तपासले. मूत्रपिंडाची चाळणी बिघडून लघवीतून प्रथिनं जाण्याचा हा विकार. त्यातल्या १५ जणांमध्ये नेल-१ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, ही त्यातली बरी गोष्ट.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या नियमांनी फक्त डोळ्यांसाठीच्या प्रसाधनात, टिकवण्यासाठी म्हणून, ७० पीपीएमपर्यंत पारा चालू दिला. बाकी कशातही तो मुद्दाम घालायचा नाही. चुकून आला तरी एक पीपीएमच्या आत. एक पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. पाऱ्याच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील आहे, आणि २०२३ मध्ये जिनिव्हाला झालेल्या त्याच्या बैठकीत पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं.

लेबलवर पारा 'पारा' म्हणून येत नाही. मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावं दिसली तर समजून जा. पण खरं सांगू? ज्या डबीत पारा असतो तिच्यावर ते लिहायचा प्रामाणिकपणा बहुतेक वेळा नसतोच. पुन्हा पत्त्यावर या.

त्या आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, पण पोरीची सासू म्हणते… पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मेडिकलमध्ये मिळणारी ट्यूब तर सुरक्षित असेल ना? डॉक्टरांनीच लिहून दिली होती, पाच वर्षांपूर्वी.

पाच वर्षांपूर्वी, हे तुम्हीच म्हणालात. मिस्टरांच्या काउंटरवर रोज दोन-चार जण येतात, मोबाईलमध्ये रिकाम्या ट्यूबचा फोटो. बीटामेथॅसोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं, कधी त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन मिसळलेलं. हे कॉस्मेटिक नव्हे, औषध आहे. कातडीवर लावायची स्टेरॉइडं २०१८ मध्ये सरकारनं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. ट्यूबवर आरएक्स ही खूण आणि इशारा असतो.

आठ-दहा दिवस लावली तर डाग खरंच हलके होतात. महिनोन् महिने लावली की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, बायकांच्या हनुवटीवर लव येते, मुरमं येतात. बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. घामानं जांघेत आलेल्या गजकर्णावरही हीच मिश्र ट्यूब चोळतात. खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण आत हातपाय पसरतं. बरीच वर्षं लावत असाल तर एकदम सोडू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन हळूहळू सोडा. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नका. मिस्टर देत नाहीत, आणि भांडण माझ्या काउंटरवर येतं.

काळी मेंदी लगेच रंगते. तिच्यात काय असतं?

मेंदीच्या पानाचा रंग आधी केशरी येतो, रात्रभरानं तांबूस आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. काळा कधीच येत नाही. अर्ध्या तासात कोळशासारखा काळा रंग आला तर त्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं, थोडक्यात पीपीडी. केसांच्या कलपात असतं तेच. कलप केसांसाठी आहे, हातावर नक्षी काढायला नाही. काही जणांना त्यानं फोड येतात, पाणी भरतं, आणि नक्षीच्या आकाराचा डाग महिनोन् महिने राहतो. शिवाय एकदा वावडं झालं की पुढे आयुष्यभर कुठल्याही कलपानं तोंड सुजायची भीती.

पीपीडी असलेल्या कलपाच्या खोक्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं बंधनकारक आहे : यानं काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. चाचणीही कायद्यातच सांगितलेली आहे. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणानं धुवायची, तयार केलेला कलप थोडासा लावून वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुवायचा. लाली किंवा खाज नसेल तरच डोक्याला लावायचा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कलप आणणाऱ्या मामांनी हे वाचायला हवं, पण ते नेमके चष्मा घरी विसरतात.

बाजारात मिळणाऱ्या तयार कोनांवर बऱ्याचदा ना नाव, ना तारीख. त्यापेक्षा पावडर घ्या आणि घरी भिजवा. मेंदी पावडरीला भारतीय मानक आहे, आयएस १११४२. पाकिटावर तो आकडा दिसला तर चांगलंच.

काजळ आणि कुंकू तर आजीच्या काळापासून लावतो. त्यात काय धोका?

आजी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीत तूप घालून करायची. आज सुरमा म्हणून जे विकतात त्यात कधी कधी शिशाचा सल्फाइड असतो, आणि शेंदूर म्हणून जो लाल-केशरी रंग मिळतो तो पुष्कळदा शिशाचाच ऑक्साइड. मारुतीच्या मूर्तीला लावायचा शेंदूर वेगळा, भांगात भरायचा वेगळा, हे दुकानदारानं सांगितलं पाहिजे. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं. कुंकवाचा हात बाळाच्या तोंडात जातो, काजळ बाळाच्या डोळ्यात घातलं जातं, म्हणून काळजी.

रंग देण्यासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्यानं बंदी आहे. जे रंग चालतात त्यांच्यातही शिसं २० पीपीएम आणि आर्सेनिक २ पीपीएम यापेक्षा जास्त नको. खरं कुंकू हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया देऊन करतात, त्याचा लाल जरा दबलेला असतो. डोळ्यात भरणारा, चमकणारा लाल-केशरी दिसला की मी आधी पाकीट उलटून बघते. तुळजापूर किंवा सप्तशृंगीहून आणलेल्या सुट्या पुडीचं काय, असं विचाराल. देवीला वाहा, मुलांच्या हाताशी ठेवू नका. एवढंच सांगू शकते.

दंतमंजनात तंबाखू असते म्हणतात. मिसरी लावणं बेकायदा आहे का?

तुम्ही घरी तव्यावर तंबाखू भाजून मिसरी लावता त्यासाठी पोलीस येणार नाहीत, तोंडाचा कॅन्सर मात्र येऊ शकतो. पण तंबाखू घातलेली टूथपेस्ट किंवा दंतमंजन बनवायला आणि विकायला १९९२ पासून देशभर बंदी आहे. टूथपेस्टचं आणखी एक : फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नको, आणि ते किती आहे हे ट्यूबवर लिहिलेलं हवं.

'हर्बल', 'केमिकल फ्री', 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' याचा अर्थ काय?

'केमिकल फ्री'चा अर्थ काहीच नाही. पाणीही केमिकलच आहे. 'हर्बल' म्हणजे एखाद्या झाडाचा अंश आहे एवढंच, किती ते यादीच्या शेपटाला बघा. 'टेस्टेड' म्हणजे तपासलं. काय निघालं ते कुठे लिहिलंय?

'आयुर्वेदिक' हा शब्द मात्र पोकळ नाही. आयुर्वेदिक म्हणून विकायचं तर त्याच १९४० च्या कायद्याखाली वेगळा आयुष परवाना लागतो, त्याचा क्रमांक पाकिटावर असतो. खोटा किंवा फसवा समज होईल असा दावा कॉस्मेटिकवर करता येत नाही. 'कोड घालवतो', 'टकलावर केस उगवतो' असं म्हटलं की ती वस्तू औषधाच्या रेघेपलीकडे गेली. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरातीत हसणारे नट-नट्याही त्यात सापडू शकतात.

आमचा बचत गट केळीच्या सालीचा आणि कडुनिंबाचा साबण बनवतो. प्रदर्शनात विकायला परवाना लागतो का?

लागतो. घरच्यांसाठी बनवा, नणंदेला भेट द्या, कुणी विचारणार नाही. पैसे घेऊन विकलात की तुम्ही उत्पादक. जळगावच्या प्रदर्शनात विका नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेत, फरक पडत नाही.

अर्ज ऑनलाइन करायचा, नमुना सीओएस-५. परवाना मिळतो तो सीओएस-८. दर पाच वर्षांनी शुल्क भरत राहिलं की तो चालू राहतो. जागा स्वच्छ, कोरडी आणि राहत्या घरापासून वेगळी हवी. देखरेखीला शिकलेला माणूस हवा : डी. फार्म. झालेला, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा रसायनशास्त्र घेऊन इंटर (आताची बारावी) झालेला. आणि कच्चा-पक्का माल तपासायची सोय हवी, स्वतःची किंवा मान्य प्रयोगशाळेतली.

हे ऐकून बायका खाली मान घालतात. मग मी दुसरा रस्ता सांगते, लोन लायसन्स. ज्याच्याकडे आधीच कारखाना आणि परवाना आहे त्याच्याकडे तुमच्या नावानं माल बनवून घ्यायचा. त्याचा अर्ज सीओएस-६, परवाना सीओएस-९. गटाचं नाव राहतं, भट्टी दुसऱ्याची. कॉस्टिक सोड्याशी घरात खेळण्यापेक्षा हे बरं. लायनं, म्हणजे साबणासाठी कालवलेल्या कॉस्टिकच्या पाण्यानं, हात भाजलेली बाई मी बघितलीय.

साबणाचा दर्जाही समजून घ्या. टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थ, पहिल्या दर्जाला ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६० लागतात. त्याखालचा माल 'बेदिंग बार' म्हणून येतो, त्याला किमान ४० टक्के. घरी वापरता तो साबणसुद्धा उलटून बघा, बऱ्याच नावाजलेल्या वड्यांवर 'सोप' हा शब्दच नसतो.

कटलरीच्या दुकानाला कॉस्मेटिक विकायचा परवाना लागतो का?

किरकोळ विक्रीला नाही. औषधाला लागतो, याला नाही. पण खरेदीचं बिल ठेवायलाच हवं. माल कुठून आणला हे औषध निरीक्षकानं विचारलं तर सांगणं दुकानदाराला बंधनकारक आहे.

मी स्वतः यात ठेच खाल्लीय. दुकान नवीन होतं. एका घाऊक व्यापाऱ्यानं लिपस्टिकचं एक खोकं कच्च्या चिठ्ठीवर दिलं, मी घेतलं. तपासणीला निरीक्षक आले, लिपस्टिक हातात घेतली, "कुणाकडून?" मी नाव सांगितलं, पण कागद? चिठ्ठीवर नुसता आकडा आणि एक गणपती. व्यापाऱ्यानं फोनवर मला ओळखलंच नाही. सगळं खोकं गेलं, वरून दोन महिने झोप नाही. तेव्हापासून पक्क्या बिलाशिवाय टिकलीचं पाकीटसुद्धा घेत नाही.

ऑनलाइन मागवलं तर?

विक्रीच्या पानावर बनवणाऱ्याचं नाव, किंमत, वजन हे सगळं दाखवावं लागतं, २०१८ पासून. फक्त बनवल्याचा महिना-वर्ष तिथे नसला तरी चालतो. म्हणून पार्सल आलं की आधी तारीख बघा, उघडतानाचा व्हिडिओ काढा. परदेशी माल असेल तर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक शोधा.

मुदत संपायला वर्ष आहे, तरी क्रीम फाटल्यासारखी झाली. असं का?

भुसावळ-जळगावचा मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या दुकानात किंवा बाजारातल्या उघड्या पालाखाली आत किती होत असेल? लेबलवर 'थंड, कोरड्या जागी ठेवा' लिहिलेलं असतं आणि क्रीम दुपारभर उन्हात मांडलेली असते. क्रीम म्हणजे तेल आणि पाण्याचं जुळवून आणलेलं लग्न, उष्णतेनं ते मोडतं. तेल वर येतं, वास बदलतो. ती मुदत नीट ठेवलेल्या मालाची असते. उन्हाळ्यात क्रीम, लिपस्टिक आणि सनस्क्रीन पालाखालून घेऊ नका, आणि घरी खिडकीतल्या फळीवर ठेवू नका. आम्ही स्वतः मार्चपासून माल मागच्या मातीच्या खोलीत हलवतो.

प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, हे खरं असतं का?

भारतात कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. त्यामुळे सशाचं चित्र बघून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

त्रास झाला तर कुठे जायचं?

आधी लावणं थांबवा. डबी आणि खोकं फेकू नका, हेच लोक पहिल्यांदा करतात, रागानं उकिरड्यावर टाकतात. बॅच नंबरचा आणि चेहऱ्याचा फोटो काढा, बिल सांभाळा, डॉक्टरांकडून लेखी घ्या.

मग जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार, पोच घेऊन. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. फार कमी लोकांना माहीत असलेली एक सोय म्हणजे कायद्याचं कलम २६ : विकत घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, ठरलेलं शुल्क भरून. त्याचा सही केलेला अहवाल तुम्हाला मिळतो. नुकसानभरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क नाही.

बनावट किंवा भेसळीचं सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड किमान पन्नास हजार किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. बाकी चुकांना शिक्षा याहून हलकी.

तुम्ही त्या अखाजीच्या डबीचं काय केलं?

मी काहीच नाही केलं, डबी त्यांची. ती पोरगी कानबाईच्या सणाला पुन्हा माहेरी आली तेव्हा एकटीच दुकानात आली आणि साधी कोल्ड क्रीम मागितली. मी दिली. तिनं पैसे द्यायच्या आधी डबी उलटी केली, डोळे बारीक करून वाचलं आणि विचारलं, "ताई, हा पिनकोड कुठला?"